चार्ज घ्या, मी गेलो

दिल्लीत मयूर विहारचं ते घर बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला तीन प्रश्न विचारले. खातं कोणतं, घरात मांसाहार करणार का, आणि डाव्या हाताची बोटं कशी आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी तयार ठेवली होती. ऑडिट, आणि नाही. तिसऱ्या प्रश्नाला मी नुसताच हात पुढे केला. त्यांनी एकेक बोट वाकवून पाहिलं, करंगळीपाशी जरा थांबले, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, पोस्ट भरली."

"आधी त्या गृहस्थांना विचारा तरी," आतून आवाज आला.

मला वाटलं, हार्मोनियम वगैरे शिकवत असतील.

मी पुण्याहून बदली होऊन आलो होतो. मुलाची बारावी होती म्हणून बायको आणि मुलगा तिकडेच राहिले होते. सरकारी घर मिळायला वेळ होता, तोवर भाड्याने जागा हवी होती. काका (मी त्यांना काकाच म्हणायचो, ते सत्तरीचे होते) एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. जन्म दिल्लीचा, नोकरी दिल्लीची, आणि सगळी नोकरी एकाच इमारतीत. खालच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे. वरचा मजला महाराष्ट्रातून बदलून आलेल्या केंद्र सरकारी माणसालाच द्यायचा असा त्यांचा नियम होता. आणि वरच्या भाडेकरूने शनिवारी दुपारी चार ते सहा त्यांच्याबरोबर संगणकावर बंदुकीचा खेळ खेळायचा, हा दुसरा नियम. माझ्या आधीचे भाडेकरू गुवाहाटीला बदलून गेले होते. त्यामुळे खेळातली चौथी जागा रिकामी होती.

हा खेळ इथे थोडक्यात सांगतो, कारण मला तो कुणी नीट सांगितला नव्हता. चार जणांचे दोन संघ. प्रत्येक जण आपापल्या संगणकासमोर, कानाला हेडफोन. पडद्यावर कुठलंसं परदेशी गाव असतं आणि आपल्या हातात बंदूक असते. गावाच्या मधोमध एक चौक आहे. तो ज्यांच्या ताब्यात राहील त्यांचे गुण वाढत जातात. मेलं तर थोड्या वेळाने गावाबाहेर परत जिवंत होता येतं. शेवटच्या फेरीत मात्र मेलेला परत येत नाही. त्याला फक्त बघता आणि बोलता येतं. जिंकत गेलं की संघाची श्रेणी वर जाते, हरत गेलं की खाली येते. काकांचा संघ रौप्य श्रेणीत होता. त्याखाली कांस्य, आणि कांस्याखाली काही नाही.

पहिल्या सामन्यात मी अकरा वेळा मेलो. त्यातले दोन मृत्यू माझ्याच बॉम्बने झाले. मारला एकही नाही. डाव्या हाताची बोटं पाय चालवतात आणि उजव्या हातातला माऊस मान वळवतो, हे कळायलाच अर्धा सामना गेला. तोपर्यंत मी आकाश बघत भिंतीला धडकत होतो.

"प्रोबेशन आहे," काका म्हणाले. "चालतं."

रात्री बायकोने फोनवर विचारलं, "घरमालक कसे आहेत?"

"बरे आहेत. शनिवारी बंदूक चालवावी लागते. काकू मेडिक आहेत."

"घरात डॉक्टर आहे हे बरं झालं," ती म्हणाली. मी पुढे काही खुलासा केला नाही.

काका खेळायला बसताना बूट घालायचे. इस्त्रीची पँट, मोजे, नाड्यांचे काळे बूट. चपलेत माणूस सैल पडतो, असं त्यांचं म्हणणं. थंडीत माकडटोपी आणि तिच्यावर हेडफोन. मरून परत जिवंत झाले की दर वेळी खणखणीत आवाजात "रुजू" म्हणायचे. एकदा समोरच्या संघातला एक मुलगा सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "अंकल लोग हैं यार." काका गोळीबार थांबवून म्हणाले, "अंकल नहीं बेटा, सर बोलो." तेवढ्यात त्या मुलाने त्यांना मारलं. पण मारून झाल्यावर "सॉरी सर" म्हणाला. काकांनी ही गोष्ट मला निदान पाच वेळा सांगितली असेल.

काकू जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसायच्या. जखमींना उठवणं हे त्यांचं काम. हिवाळाभर त्यांच्यासमोर मटारच्या शेंगांचा ढीग असे. आपण गोळी लागून चौकात पडलेलो असायचो आणि कानात त्यांचा आवाज यायचा, "आले हं, आले. एवढी मूठ सोलून होऊ दे."

आणि काकांचा चार्ज. सरकारी नोकरीत बदली झाली की आपल्या जागी येणाऱ्याला कामाचा चार्ज द्यावा लागतो, कोणती प्रकरणं कुठे अडकली आहेत ते सगळं. काका खेळात मेले की चार्ज द्यायचे. बाकीचे लोक मेल्यावर ओरडतात किंवा शिव्या देतात. काका शांतपणे म्हणायचे, "अहो ऑडिट, मी गेलो. चार्ज घ्या. गल्लीत दोघं, पैकी एक जखमी. गच्चीवर एक, लांब पल्ल्याची बंदूक. माझ्याकडे एक बॉम्ब शिल्लक होता, तो माझ्याबरोबर गेला." कितीही घाईत असले तरी एवढं सांगितल्याशिवाय ते थांबायचे नाहीत. "मेलात तर मेलात," ते मला म्हणायचे, "पण चार्ज न देता जाऊ नका. मागचा माणूस आंधळा होतो."

माझी अडचण अशी की आमच्या खात्यात चार्ज मोजून घेण्याची सवय आहे. कुणी सांगितलं म्हणून आम्ही सही करत नाही. त्यामुळे काका म्हणाले "गल्लीत दोघं", की मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून दोघं आहेत का ते बघायचो. दोघं असायचे. एकदा मी विचारलं, "जखमी म्हणजे साधारण किती टक्के?" आणि प्रश्न पुरा व्हायच्या आत मेलो.

"वेरिफिकेशन नंतर करा हो," काका कळवळून म्हणाले. "आधी चार्ज घ्या."

दुसरी अडचण गावाच्या नावांची होती. आम्ही बहुतेक एकाच परदेशी गावात लढायचो. त्यातल्या जागांना काकांनी दिल्लीची नावं दिली होती. अरुंद बाजार म्हणजे पहाडगंज. एकसारख्या पिवळ्या घरांच्या रांगा म्हणजे लक्ष्मीबाई नगर. मोठ्या फाटकाची इमारत म्हणजे शाळा. मी दिल्लीत नवा. "पहाडगंजातून शाळेकडे या" म्हटलं की मी उलटा लक्ष्मीबाई नगरात पोचायचो. मग काकांनी जेवणाच्या टेबलावर डबे मांडून गाव उभं केलं, आणि मटारच्या शेंगांची माणसं करून मला गल्ल्या शिकवल्या. पोह्यांचा डबा म्हणजे शाळा. तेव्हा मला कळलं की ही नावं सहज दिलेली नव्हती. काकांचं लहानपण पहाडगंजात गेलं होतं, तिथल्याच मराठी शाळेत ते शिकले, आणि नंतर वडिलांना लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं होतं. त्या नावांनी पटकन वाट कळेल असा माणूस आमच्या संघात काकांखेरीज एकच होता. त्यांचा धाकटा भाऊ.

हा चौथा गडी नोएडाला राहायचा. मेट्रोने जेमतेम चार-पाच स्टेशनं. नेम फार चांगला, बोलणं फार कमी. काकूंना "वहिनी" म्हणायचा, मला "साहेब". काकांना मात्र तो "एक नंबर" म्हणायचा, कारण पडद्यावर त्यांच्या डोक्यावर एकचा आकडा असे. "एक नंबर, मागे बघा." "एक नंबर, बॉम्ब." सहा वाजले की काकूंना "येतो वहिनी" म्हणून तो बंद व्हायचा. काकांनी एकदा खेळता खेळता विचारलं, "तुझं डोळ्यांचं ऑपरेशन झालं का रे?" पलीकडून आवाजच बंद झाला. पुढचा शनिवार येईपर्यंत तो उघडला नाही.

एकदा काका दूध आणायला गेले असताना काकूंनी मला सांगितलं. काकांना चूक दुरुस्त करायची सवय. सोसायटीच्या नोटिसबोर्डावर एकूण फ्लॅट एकशेआठ लिहिले होते, तर यांनी जाऊन एकशेसहा केले, कारण दोघांनी शेजारचे फ्लॅट जोडून घेतले होते. पाहुण्याने सांगितलेल्या गोष्टीतलं वर्ष दुरुस्त करायचे. भावाच्या मुलीच्या लग्नात भाऊ सगळ्यांचे आभार मानायला उभा राहिला. म्हणाला, आमच्या वडिलांनी पहाडगंजात एका खोलीत सात जणांना वाढवलं. पहिल्या रांगेतून काका म्हणाले, "दोन खोल्या. आणि सहा जण." व्याही हसले. पाठोपाठ सगळा हॉल हसला. भावाने माईक खाली ठेवला. तो त्यानंतर या घरी आला नाही, आणि यांनाही बोलावलं नाही. सहा वर्षं झाली. परदेशी जाण्याआधी त्याच मुलीने दोन्हीकडे जाऊन हा खेळ बसवून दिला. बाबा आणि मोठे काका, तुम्ही एका संघात, एवढंच म्हणाली.

"पण आकडा काकांचा बरोबर होता ना?" मी विचारलं.

"बरोबर होता हो," काकू म्हणाल्या. "पण मुलीचं लग्न होतं."

मी वर गेलो आणि बराच वेळ त्यावर विचार केला. त्या हॉलमध्ये मी असतो तर मीही मनात आकडा दुरुस्त केला असता. मोठ्याने म्हणालो नसतो, एवढाच फरक.

आता माझा आकडा सांगतो. मी येण्याआधी हा संघ दोन सामन्यांतला एक जिंकायचा. मी आल्यापासून पाचांतला एक. हे अनुमान नव्हे, खेळच तो हिशेब दाखवतो. रौप्य श्रेणीच्या वरच्या टोकावरून आम्ही खालच्या टोकावर आलो होतो. एका शनिवारी सामना संपल्यावर नोएडाहून आवाज आला. "वहिनी, एक सांगायचं होतं. आपण कांस्यात गेलो तर मी थांबतो. खेळ काढून टाकतो मशीनवरून. साहेबांचा दोष नाही. पण हरायलाच बसायचं तर कशाला बसायचं."

काकूंनी "बघू की" म्हटलं.

हेडफोन काढून मी खाली काकांकडे गेलो. "काका, मी बाजूला होतो. चौथा म्हणून कुणी तयार मुलगा घ्या. सोसायटीत पुष्कळ आहेत."

"त्यांना मराठी येत नाही. शाळा, पहाडगंज, काय कळणार त्यांना?" मग ते वाकून बुटाची नाडी सोडू लागले आणि खाली बघतच म्हणाले, "शनिवारी मला त्याचा आवाज ऐकू येतो, ऑडिट. तेवढं टिकवा."

त्या आठवड्यात मी ऑफिसातून आल्यावर रोज एकटाच सराव केला. यंत्राने चालवलेल्या पुतळ्यांवर गोळ्या झाडल्या. पुतळे हलत नसतील तर मला बऱ्यापैकी जमतं असं दिसलं. काका संध्याकाळी वर येऊन मागे खुर्ची टाकून बसायचे. "मोजू नका, पळा. मोजू नका." काकूंनी माझ्यासाठी मटारच्या करंज्या पाठवल्या. एकंदरीत माझी परीक्षा असल्यासारखं वातावरण होतं.

शनिवारी चार वाजता चौघंही हजर. मी वरच्या मजल्यावर न बसता लॅपटॉप घेऊन खालीच आलो होतो. पडद्यावर सूचना आली की या सामन्यानंतर श्रेणी बदलू शकते. पहिली फेरी आम्ही जिंकली. माझ्या नावावर दोन बळी होते आणि त्यांतला एक तरी मी मुद्दाम मारलेला होता. "शाब्बास साहेब," नोएडा म्हणालं. दुसरी फेरी हरलो. तिसरी, शेवटची. मेलेला परत येत नाही ती.

काकू आधी गेल्या. मग धाकटे बंधू दोघांना मारून गेले. काकांनी एकाला टिपलं आणि पाठोपाठ तेही गेले. समोर एक जण उरला होता, आमच्याकडे एक. तो एक मी होतो, शाळेच्या फाटकाच्या आत, भिंतीला चिकटून.

"अहो ऑडिट, मी गेलो. चार्ज घ्या," काका म्हणाले. "एकच शिल्लक. जखमी आहे. टाकीमागे बसलाय. तुम्ही बाहेर पडा आणि सरळ मारा."

फाटकाबाहेर दोन गोल बुरूज होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. लढाई इथवर कधी आलीच नव्हती, त्यामुळे डब्यांच्या नकाशात ते नव्हते. "टाकी म्हणजे कोणती?" मी विचारलं.

"उजवीकडची. शाळेतून बाहेर पडलं की टाकी उजव्या हाताला."

"डाव्या," नोएडा म्हणालं.

"उजव्या हाताला होती रे."

"डाव्या. मी रोज तिथे पाणी प्यायचो. नळ डावीकडे होता."

"नळ वेगळा. टाकी वेगळी. नळ हलवायाच्या दुकानाशी."

"दादा, तू काहीही सांगू नकोस. हलवाई पार स्टेशनच्या बाजूला. तू शाळेत घंटा वाजली की धावत सुटायचास, तू कधी डावीकडे बघितलंस तरी का?"

टेबलापाशी काकूंचे हात थांबले.

"मला आत्ता खेळातला माणूस कुठे आहे ते सांगा," मी म्हटलं. "तुम्ही बघितला ना काका?"

"बघितला ना. टाकीमागे."

"मग तो डावीकडे आहे," भाऊ म्हणाला.

"अरे मेलो मी, मला माहीत नाही का मला कुणी मारलं?"

"मारलं कुणी ते तुला माहीत असेल. टाकी कुठे ते तुला माहीत नाही."

एव्हाना मी उजवीकडे गेलो असतो तर पन्नास टक्के संधी होती. पण दोन जबाबदार माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगत असताना मी सही करत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि तो एका आठवड्यात गेला नाही. मी भिंतीला चिकटून राहिलो. त्या एकट्या जखमी माणसाने शांतपणे चौकात जाऊन ताबा घेतला, गुणांची पट्टी भरत गेली, आणि पडद्यावर पराभव लिहून आलं. मग एक तपकिरी पदक फिरत फिरत पुढे आलं. कांस्य.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. कारण दोघा भावांपैकी कुणीही पडद्याकडे बघत नव्हतं.

"उद्या ये," भाऊ म्हणत होता. "ये, दाखवतो तुला उभं करून. दहा वाजता, स्टेशनच्या पहाडगंजकडच्या बाजूला."

"ये म्हणजे? मी येतोच. ऑडिटलाही आणतो. त्रयस्थ माणूस हवा."

रविवारी सकाळी आम्ही तिघं भेटलो. भाऊ काकांपेक्षा उंच निघाला, काठी घेऊन चालत होता. दोघांनी एकमेकांना नमस्कार वगैरे केला नाही. भेटल्या भेटल्या भाऊ म्हणाला, "हे बघ, इथून सुरू कर." शाळा तिथेच होती. फाटकासमोर दोघं पाठीला पाठ लावल्यासारखे उभे राहिले आणि एकाने डावीकडे, दुसऱ्याने उजवीकडे हात केला. दोन्हीकडे हॉटेलं होती. टाकी कुठेच नव्हती. सामान ओढत निघालेले परदेशी पाहुणे आमच्याभोवतून वळसा घालून जात होते. ई-रिक्षावाल्याने विचारलं, "अंकलजी, कहाँ जाना है?" भाऊ म्हणाला, "कहीं नहीं भैया, हम पहुँचे हुए हैं."

काका बराच वेळ उजवीकडे बघत राहिले. मग डावीकडे बघितलं. मग म्हणाले, "मला आठवत नाही."

त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. खरंच आठवत नव्हतं की भावाला सोडून दिलं, हे मला सांगता येणार नाही. माझ्याकडे पुरावा नाही. भाऊ मात्र जिंकल्यासारखा दिसला नाही. तो लगेच म्हणाला, "उजवीकडेही काहीतरी होतं हां. कोळशाचं दुकान का काहीतरी. तू पडला होतास तिथे." मग ते दोघं पुढे आणि मी मागे, असे आम्ही त्या बाजारात किती तरी वेळ फिरलो. मला कुणी काही विचारलं नाही.

परतीला एकच मेट्रो. तीच गाडी आधी मयूर विहारला थांबते आणि पुढे नोएडाला जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या सीटवर दोघं शेजारी बसले होते आणि कोणत्या मास्तरांनी कुणाला वर्गाबाहेर काढलं यावर वाद चालला होता. मयूर विहार आलं. मी म्हटलं, "काका, उतरायचं." काकांनी माझ्याकडे न बघता हाताने 'हो हो' केलं आणि बोलत राहिले. दार वाजायला लागलं. मी उतरलो. काचेतून पाहिलं तर काका बोटांवर काहीतरी मोजून दाखवत होते आणि भाऊ मान हलवून नाही म्हणत होता. गाडी गेली.

काकूंनी दार उघडलं, माझ्या मागे बघितलं. "हे कुठायत?"

"नोएडाला गेले."

"कशाला?"

"माहीत नाही. उतरलेच नाहीत."

काकू दारातच उभ्या राहिल्या. आत कुकरची शिट्टी झाली तरी हलल्या नाहीत. "जेवायला येणार म्हणाले का?"

"काही म्हणाले नाहीत. फोन करून विचारू का?"

"नको नको," त्या घाईने म्हणाल्या. "मुळीच फोन करू नका." मग आत जाऊन त्यांनी गॅस बंद केला, टेबलावर मांडलेल्या दोन ताटांतलं एक उचलून फडताळात ठेवलं, आणि ते तिथे नीट बसलंय ना हे बघत थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.